ओळख नसलेल्या माणसाची फिर्याद

सोलापूरच्या एका पोलीस ठाण्याचे नाव 'फौजदार चावडी' असे आहे. सोलापूरकरांच्या जिभेवर ते इतके रुळले आहे की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही. वास्तविक, थांबून विचार करावा असे हे नाव आहे. चावडी म्हणजे गावाची सामाईक जागा. कोणीही यावे, आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडावे आणि गावच्या कारभाऱ्यांनी ते ऐकून घ्यावे, ही चावडीची रीत. फौजदार हा शब्द मात्र अधिकाराचा. हे दोन शब्द एकत्र आले की एक सुंदर कल्पना उभी राहते : अधिकार चावडीवर बसला आहे आणि तिथवर पोहोचण्यासाठी कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

प्रत्यक्षात काय घडते? घरफोडी होते, सोनसाखळी हिसकावली जाते, मुलगी संध्याकाळी घरी परतत नाही, निवृत्त शिक्षकाच्या खात्यातून आयुष्यभराची पुंजी एका फोनने नाहीशी होते. अशा वेळी मध्यमवर्गीय कुटुंबात पहिला प्रश्न 'पोलीस ठाणे कोणते?' हा नसतो. 'तिथे कोणाची ओळख आहे का?' हा असतो. मग नगरसेवकाला फोन जातो, मेहुण्याच्या ओळखीचा कोणी निवृत्त अंमलदार आठवतो, एखाद्या पत्रकाराचे नाव पुढे येते. ओळख निघाली की जीव भांड्यात पडतो. ज्याची ओळख निघत नाही तो 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' या म्हणीत पोलीस ठाण्याचीही पायरी मनातल्या मनात जोडतो आणि घरी बसतो.

या लेखाचा विषय हा घरी बसलेला माणूस आहे. पोलिसांशी जनतेचा संपर्क किती सुधारला याची मोजणी मोबाईल ॲप, संकेतस्थळ आणि दूरध्वनी क्रमांकांवरून करण्याची आपल्याला सवय लागली आहे. आमच्या मते मोजणीचे माप एकच : ज्याची कोणाशीही ओळख नाही, त्याची फिर्याद लिहून घेतली जाते की नाही?

१९३० ची आठवण

सोलापूर आणि पोलीस या नात्याला एक ज्वलंत इतिहास आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याचे वृत्त आले आणि गिरणी कामगारांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मारली गेली. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीला आग लावली. १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. पोलीस शिपायांच्या हत्येचा ठपका ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. शहरातील चार हुतात्मा पुतळ्यांसमोरून जाताना आजही मान आपोआप लवते.

त्या दिवशी रोष कोणावर होता? चौकीतले शिपाईही याच मातीतले, याच भाषा बोलणारे होते. परंतु ते ज्या यंत्रणेचे चाकर होते ती यंत्रणा या मातीची नव्हती. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या सरकारने १८६१ चा पोलीस कायदा केला, तो प्रजेची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी नव्हे, प्रजेवर वचक बसवण्यासाठी. त्याच साच्यातला १८९० चा कायदा मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांना लागू झाला. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाला तर हे दल भ्रष्ट आणि जुलमी मानले जाते, अशी कबुली द्यावी लागली. आणि तो आयोग इंग्रज सरकारनेच नेमलेला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम आला. तोच आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. दलाने 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद धारण केले. ब्रीदातला क्रम पाहावा : आधी सज्जनांचे रक्षण, मग दुष्टांचा निग्रह. परंतु सज्जन मनुष्य ठाण्याच्या दारातूनच परत फिरत असेल, तर त्याचे रक्षण करायचे कसे? राज्य बदलले, कायदा बदलला, ब्रीदही बदलले. ठाण्याच्या टेबलाआडून येणारा 'काय काम आहे?' हा स्वर मात्र अनेक ठिकाणी तोच राहिला.

क्रमांक वाढले, पुढे काय?

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकेकाळी १०० हा एकच क्रमांक होता. आता आणीबाणीच्या प्रसंगी ११२ आहे. हा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि तेथून संबंधित जिल्ह्यातील पोलीस वाहनाकडे निरोप जातो. रात्री-अपरात्री संकटात सापडलेल्या स्त्रीसाठी ही व्यवस्था वरदान ठरू शकते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. सोलापूरकराला हा आकडा पाठ करावा लागत नाही. तो त्याच्या शहराच्या इतिहासात कोरलेलाच आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच या क्रमांकावर कळवले, तर पुढच्या खात्यातून ते निघून जाण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता असते. येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

पण फोन हा प्रारंभ आहे. गाडी येते, भांडण थांबते, गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्त्रीला ठाण्यात जाऊन फिर्याद द्यावी लागते आणि तिची खरी परीक्षा तिथे सुरू होते. दूरच्या केंद्रातील कर्मचारी नम्रपणे बोलतो, कारण त्याचे संभाषण ध्वनिमुद्रित होत असते. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी जे बोलले जाते, त्याची नोंद कोण ठेवतो?

'अर्ज द्या' म्हणजे काय?

पूर्व भागातील एखादी विडी कामगार भगिनी डोळ्यांसमोर आणावी. दिवसभर विड्या वळून तिने काही पैसे साठवले, भिशीत गुंतवले आणि भिशी चालवणारा पळून गेला. ती ठाण्यात जाते. तिला सांगितले जाते, 'साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, उद्या या.' उद्या गेल्यावर, 'एक अर्ज लिहून आणा.' ती कोणाकडून तरी अर्ज लिहून आणते. त्यावर शिक्का बसतो. अर्ज 'चौकशीवर' ठेवला जातो. महिना उलटतो. तिला वाटते, आपली केस चालू आहे. प्रत्यक्षात केस नावाची गोष्ट अस्तित्वातच आलेली नसते. गुन्हा नोंदलेला नाही, तपास सुरू झालेला नाही आणि पळालेला मनुष्य निर्धास्त आहे.

प्रसंग प्रातिनिधिक असला, तरी तो परका वाटेल असा वाचक विरळाच. 'अर्ज' आणि 'फिर्याद' यांतील हा भेद सामान्य माणसाला ठाऊक नसतो आणि नेमका त्याचाच लाभ घेतला जातो. कायदा काय सांगतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी देता येते. ती लिहून घेणे हे पोलिसांचे काम आहे. लिहिलेले फिर्यादीला वाचून दाखवणे हेही पोलिसांचेच काम आहे. नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तेव्हा निरक्षर भगिनीला 'लिहून आणा' म्हणून परत पाठवणारा मनुष्य स्वतःचे काम तिच्या गळ्यात मारतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी प्रकरणात निःसंदिग्ध निर्णय दिला : दिलेल्या माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर तो नोंदवणे बंधनकारक आहे. स्त्रियांवरील अत्याचारांच्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्या लोकसेवकालाच किमान सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते.

कायदा स्पष्ट आहे. मग अडते कुठे?

आकड्यांचे भय

अडते आकड्यांपाशी. गुन्हा नोंदला की संख्या वाढते. संख्या वाढली की वरिष्ठ आढावा बैठकीत विचारतात, 'तुमच्या हद्दीत गुन्हे का वाढले?' विधिमंडळात विरोधी पक्ष आकडे फडकावतो, मग तो पक्ष कोणताही असो. वृत्तपत्रे मथळे देतात. याचा परिणाम असा की चोरी न होऊ देणे कठीण आणि चोरी न लिहिणे सोपे, हे प्रत्येक ठाण्याला कळून चुकते. सोनसाखळी 'हिसकावली' न राहता 'गहाळ' होते. मारहाण अदखलपात्र ठरते. फसवणूक 'दिवाणी स्वरूपाची' होऊन बसते.

या पापात आपलाही वाटा आहे, हे मान्य करण्याचे धैर्य दाखवले पाहिजे. कमी आकड्यांवर टाळ्या वाजवणारे आपणच. नोंदणी वाढली म्हणजे गुन्हेगारी वाढली, असे समजणारेही आपणच. ज्या डॉक्टरच्या वहीत रुग्णांची नावेच नाहीत, त्याच्या गावात रोगराई नाही असे आपण म्हणतो का? प्रामाणिकपणे फिर्यादी लिहून घेणाऱ्या ठाण्याचे आकडे सुरुवातीला वाढणारच. त्याबद्दल त्या अधिकाऱ्याला शिक्षा न देता शाबासकी देण्याची प्रगल्भता शासनाने आणि समाजानेही दाखवायला हवी.

भाषा आणि हद्द

सोलापूरची एक विशेष अडचण आहे. हे शहर मराठी आहे, तसेच तेलुगू आणि कन्नडही आहे. विणकर पद्मशाली समाजाने यंत्रमागावर या शहराची चादर जगभर पोहोचवली. श्री सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत कन्नड घराघरांत बोलली जाते. अशा शहरात दुःखाच्या क्षणी माणूस मातृभाषेतच बोलणार. तेलुगूत सांगितलेले दुःख मराठी दप्तरात उतरताना अर्धे गळून पडले, तर तपास कशाच्या आधारे होणार? सुदैवाने ही सर्व भाषांची माणसे येथील दलात आणि समाजात उपलब्ध आहेत. प्रश्न योजनेचा आहे.

दुसरा अडथळा हद्दीचा. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे, तर उर्वरित जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक. शहराच्या वेशीवर कुंभारी येथे विडी व असंघटित कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे राहणारा मनुष्य कामाला शहरात येतो. त्याचे राहते घर मात्र ग्रामीण पोलिसांकडे. रस्त्यात लुबाडला गेला की 'ही आमची हद्द नाही' हे वाक्य त्याने दोन्हीकडे ऐकावे काय? नव्या संहितेने याचे उत्तर दिले आहे : गुन्हा कोठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच 'शून्य क्रमांकाची' फिर्याद म्हणतात. हद्द पोलिसांची असते. दुःखाला हद्द नसते.

पोलिसांची बाजू

येथे काही वाचक म्हणतील, पोलिसांवर आधीच ताण किती! हे खरेच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख एकांगी ठरेल. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढीला पंढरीत लाखो वारकरी, मध्ये गणेशोत्सव, निवडणुका, नेत्यांचे दौरे. उन्हातान्हात, पावसात उभा असतो तो शिपाईच. त्याच्या घरातला सण त्याच्याविना होतो. त्याच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु ताण हे फिर्याद न लिहिण्याचे कारण असेल, तर मग ओळखीच्या माणसाची फिर्याद त्याच दिवशी, चहासह, कशी लिहिली जाते?

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. त्याचीही सोय कायद्यात आहे. तीन वर्षांहून कमी नाही आणि सात वर्षांपर्यंत पोहोचत नाही अशा शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. चौदा दिवस, चौदा महिने नव्हेत. आणि गुन्हा नोंदवणे म्हणजे अटक करणे नव्हे, हे तर प्रत्येक अंमलदाराला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट राजकीय हस्तक्षेपाची. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा स्तरावर प्राधिकरण असावे, हा त्यांतील एक. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. मात्र जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. सोलापूर पुणे विभागात मोडते. म्हणजे अक्कलकोटच्या शेतमजुराने ठाण्यातील अन्यायाची दाद जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर मागायची! ज्याला ठाण्याची पायरी चढता आली नाही, तो पुण्याची वाट कधी धरणार? सरकारे बदलली, पण जिल्हा स्तरावरचे प्राधिकरण देण्याची तत्परता कोणी दाखवली नाही.

राजाचे दार

ही अपेक्षा पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आहे, असे कोणी समजू नये. राजाने दाद मागणाऱ्यांना दारात ताटकळत ठेवू नये, कारण ज्याचे दर्शन दुर्लभ असते त्या राजाकडून भोवतालची माणसे भलतेच करवून घेतात, असा इशारा कौटिल्याने दिला आहे. भोवतालची माणसे म्हणजे आजच्या भाषेत मध्यस्थ, वशिला. याज्ञवल्क्य स्मृती तर एक पाऊल पुढे जाते : चोराने नेलेले द्रव्य राजाने प्रजेला द्यावे, न देईल तर चोरीचे पाप त्याला लागते. प्रजेच्या चोरीची जबाबदारी राजाच्या डोक्यावर ठेवणारी ही परंपरा आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी रोज दरबारात बसून प्रत्येकाची तक्रार स्वतः ऐकत, असे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यानेही लिहून ठेवले आहे. त्याच अहिल्यादेवींचे नाव सोलापूरचे विद्यापीठ धारण करते. ते नाव प्रवेशद्वारावर मिरवणे सोपे. ते कारभारात उतरणे हे खरे स्मरण.

आणि हे आजही अशक्य नाही. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. हातभट्टीच्या दारूसाठी बदनाम झालेले तांडे अधिकाऱ्यांनी दत्तक घेतले. केवळ भट्ट्या फोडून न थांबता ते घरोघर गेले, बसले, बोलले आणि पर्यायी रोजगारासाठी धडपडले. ज्या वस्तीने पोलिसांची गाडी म्हणजे धाड इतकेच पाहिले होते, त्या वस्तीत पोलीस विचारपूस करायला आले. तेथे चावडी चालून तांड्यावर गेली. कायदा तोच होता, मनुष्यबळही तेच होते. दृष्टी तेवढी बदलली होती. असा प्रयोग एका अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर मंदावू नये, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

आपण काय करावे?

शासनाकडे आमच्या मागण्या थोड्या आणि सोप्या आहेत. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात कलम १७३ चा आशय मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावावा. 'अर्ज' म्हणून घेतलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक, दिनांक आणि निर्णयाची मुदत लिहून पोच द्यावी. अधिकाऱ्याचे मूल्यमापन नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून न करता तपास आणि शाबितीवरून करावे. तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात आणावे.

परंतु केवळ शासनाकडे बोट दाखवून मोकळे होणे हा आपला संस्कार नव्हे. प्रत्येक वस्तीत दोन-तीन कार्यकर्त्यांनी हा कायदा समजून घ्यावा आणि गरजूबरोबर ठाण्यात जावे. मध्यस्थ म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. फिर्याद तोंडी द्यावी, वाचून घ्यावी, प्रत घेतल्याशिवाय उठू नये. ठाणे नाकारत असेल तर खबर टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात त्या दर्जाच्या उपायुक्तांना पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांचे दार उघडे आहे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, ती मागावी. आणि रस्त्यावर अपघात वा मारामारी पाहिली, तर पंच किंवा साक्षीदार व्हायला कचरू नये. पोलिसांनी आपले ऐकावे असे वाटत असेल, तर पोलिसांना आपण हवे असतो तेव्हा आपणही हजर असले पाहिजे.

शेवटची विनंती थोडी कटू आहे. पुढच्या वेळी ठाण्यात काम पडले, तर ओळख काढू नये. आपल्या एका फोनने आपले काम होते, हे खरे. पण त्या फोनमुळे रांगेत बसलेल्या त्या विडी कामगार भगिनीचा क्रमांक आणखी मागे जातो आणि ओळखीशिवाय काम होत नाही, हा नियम आणखी पक्का होतो. सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसाने सरळ दारातून जाऊन, बाकावर बसून, हक्काने फिर्याद दिली की ते दार मागून येणाऱ्यासाठीही थोडे उघडे राहते.

चार हुतात्म्यांच्या शहरात आज कोणाला चौकी पेटवायची नाही. चौकी आता आपली आहे. आपल्या चावडीवर आपण हक्काने जावे आणि ज्याचे कोणी नाही त्यालाही हाताला धरून न्यावे.